सारखं पडणारं क्रोम आणि फॉरमॅटची घाई

कॉम्प्युटरला काहीही होऊ द्या, आपल्याकडे औषध एकच, फॉरमॅट मारा. नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीत विचारा, कॉलेज रोडच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑफिसातल्या त्या एका पोराला विचारा ज्याला सगळे "तुला कळतं ना रे यातलं" म्हणतात, उत्तर तेच. आणि गंमत म्हणजे फॉरमॅटनंतर चार-आठ दिवस मशीन चालतंही बरं, त्यामुळे लोकांचा विश्वास अजून पक्का होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या पीसीवर ब्राउझर पडायला लागला तेव्हा दुकानवाल्या भाऊंनी फोनवरच निकाल देऊन टाकला, मशीन बघितलं सुद्धा नाही. मी म्हटलं थांबा, आधी कोण पाडतंय ते तरी कळू दे, क्रोम पडतंय म्हणजे खोट क्रोममध्येच आहे असं कुणी सांगितलं.

पीसी साधाच आहे, असेंबल केलेला, विंडोज ११. वापरणारे तिघं. पप्पा सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेत, त्यांचं सकाळी लासलगावचे कांद्याचे भाव, हवामान आणि मग यूट्यूबवर कीर्तन. बायकोचं अकाउंट्सचं काम, तिच्याकडे एका वेळी इतके टॅब उघडे असतात की नुसते आयकॉन दिसतात, नावं दिसतच नाहीत. आणि उरलेला वेळ मी. तिघांच्या तक्रारी एकच, "क्रोम उडालं", पण नीट खोदून विचारलं तर तिघांचं उडणं वेगळं निघालं.

पप्पांचं अर्ध उडणं हे उडणंच नव्हतं. ते कीर्तनाचा टॅब सोडून तासाभराने परत येतात आणि पान पहिल्यापासून लोड व्हायला लागतं. "अरे बघ, परत मेलं तुझं ते." पप्पा, ते मेलं नाही, झोपलं होतं. क्रोमने २०२२ च्या शेवटी शेवटी मेमरी सेव्हर आणलं, जे टॅब बराच वेळ कुणी बघत नाही त्यांची मेमरी ते सोडून देतं आणि आपण परत गेलो की पान नव्याने आणतं. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथे एखाद्या साइटला कायम चालू ठेव असं सांगता येतं, सांगितलं, विषय संपला. दुसरं म्हणजे पावसात लाईट गेली, यूपीएस नाही, परत चालू केल्यावर क्रोम विचारतं की मागची पानं परत उघडू का, नीट बंद झालं नव्हतं. ते बघून वाटतं क्रॅश झाला, पण तो लाईटचा हिशोब, क्रोमच्या नावावर लावायचा नाही. आणि एकदा तर पूर्ण स्क्रीनभर लाल पान, भोंगा वाजतोय, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा". हा शुद्ध फसवाफसवीचा धंदा आहे, फोन बिलकुल करायचा नाही, एस्केप दाबून धरायचं, नाहीच ऐकलं तर टास्क मॅनेजरमधून क्रोम बंद करायचं आणि परत उघडताना मागची पानं उघडू द्यायची नाहीत.

हे सगळं वजा केल्यावर जे उरलं ते मात्र खरं होतं. चालता चालता टॅबमध्ये ते उदास चेहऱ्याचं "ऑ, स्नॅप" पान, आणि कधी कधी सगळं क्रोमच गायब, डेस्कटॉपचा वॉलपेपर समोर.

इथे एक गोष्ट माहीत पाहिजे. क्रोम २००८ मध्ये आलं तेव्हापासूनच ते एक प्रोग्राम म्हणून चालत नाही, त्याच्या पोटात बऱ्याच प्रोसेस, म्हणजे वेगवेगळे चालणारे तुकडे असतात, साइट्सना वेगवेगळ्या, ग्राफिक्सला वेगळी, एक्स्टेंशन्सना (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) वेगळी आणि या सगळ्यांवर एक मुख्य. क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती मेमरी खातंय ते नावानिशी दिसतं. म्हणजे एक टॅब पडला तर त्या पानाची प्रोसेस मेली, बाकीचे टॅब जिवंत. सगळं गायब झालं तर मुख्य प्रोसेस गेली. आणि पूर्ण मशीनच रिस्टार्ट झालं किंवा ब्लू स्क्रीन आली तर ब्राउझरकडे बघण्यात अर्थच नाही, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर हार्डवेअर. दुकानात फोन करायच्या आधी एवढं तरी सांगता यायला पाहिजे की काय पडलं, टॅब, ब्राउझर का मशीन.

त्या उदास पानाच्या खाली बारीक अक्षरात एरर कोड असतो, तो कुणी वाचत नाही. मी घरात सांगून ठेवलं, दिसला की मोबाईलने फोटो काढा. आणि ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, क्रॅशेस असं टाईप केलं की झालेल्या क्रॅशची यादी तारीख-वेळेसकट मिळते. कारण तिथे लिहिलेलं नसतं, पण वेळ कळते आणि वेळ फार कामाची, कारण "सारखं होतं" या शब्दावर काही शोधता येत नाही.

मग नेहमीचं सगळं केलं, एका वेळी एकच बदल. हे मी मुद्दाम सांगतोय कारण लोक यूट्यूबवर व्हिडिओ बघून एका बैठकीत सात गोष्टी बदलतात आणि मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. आधी इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची खाजगी खिडकी, तिथे एक्स्टेंशन्स आपण परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथेही पडलं. म्हणजे एक्स्टेंशन्सवरचा संशय गेला (तिथे पडलं नसतं तर निम्मी बंद करून बघायची, मग त्यातली निम्मी, असं करत चोर लवकर सापडतो, एकेक बंद करत बसू नका). मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, तिथून ग्राफिक्स ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डाला देणं, बंद केलं. हा माझा सगळ्यात आवडता संशयित, कारण व्हिडिओ चालू असताना स्क्रीन काळी होऊन परत येत असेल तर बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरच असतो. विंडोज ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची मुळात २ सेकंदच वाट बघतं, नाही आलं तर ड्रायव्हर रिसेट मारतं, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ नंबरची नोंद पडते. आमच्याकडे ती नोंदच नव्हती. ॲक्सिलरेशन बंद करूनही दोन दिवसांत परत "ऑ, स्नॅप". मग बाहेरून आणून टाकलेला अँटिव्हायरस काढला, हे लोक ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये स्वतःचा कोड घुसवतात आणि क्रोम २०१८ पासून अशा घुसखोरीला अडवत आलंय, त्यातून भांडणं होतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुष्कळ आहे असं माझं मत. पण आमचा गुन्हेगार तोही नव्हता.

खरा धागा सापडला बायकोच्या मोबाईलमधल्या फोटोंमध्ये. एका दिवशी कोड होता ॲक्सेस व्हायोलेशन, दुसऱ्या दिवशी ब्रेकपॉइंट, मग परत तिसराच काहीतरी. साइट पण दरवेळी वेगळी, कधी बँकेची, कधी साधी बातम्यांची. सॉफ्टवेअरमधला बग सहसा असा वागत नाही, त्याला त्याची एक ठरलेली जागा असते, अमुक पान उघडलं, अमुक बटण दाबलं की पडतो. इथे ना जागा ठरलेली ना कोड. म्हणून फायरफॉक्स टाकलं, बायकोला म्हटलं दोन-चार दिवस यावर काम कर. तेही पडलं! दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्राउझर, आतलं इंजिन पूर्ण वेगळं, आणि दोघं पडतायत. (एज टाकून ही परीक्षा घेऊ नका, क्रोम आणि एज क्रोमियम या एकाच पायावर बनलेत.)

मग विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. ही विंडोजमधली सगळ्यात दुर्लक्षित चांगली गोष्ट आहे राव. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप केलं की येतं, दिवसावार आलेख, १ ते १० मध्ये मार्क, आणि काही पडलं की त्या दिवशी लाल फुली. आमच्या आलेखात एका तारखेपर्यंत फुल्या जवळपास नाहीत आणि त्यानंतर रांगच. आणि फुलीवर क्लिक केलं तर फक्त क्रोम नव्हतं, विंडोजचा एक्सप्लोरर पण पडलेला, पीडीएफवालं पण, फक्त त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं कारण दिवसभर आपण बसतो ब्राउझरमध्ये. ती तारीख बघितल्यावर लगेच आठवलं, त्याच आठवड्यात ८ जीबीची दुसरी रॅम, म्हणजे मेमरीची, स्टिक टाकली होती, क्रोम हळू चालतं म्हणून!

रॅम खराब असेल तर पहिला ब्राउझरच का मरतो, तर तो मेमरीही जास्त घेतो आणि ती मेमरी नुसत्या पत्त्यांनी भरलेली असते. पानावरची प्रत्येक गोष्ट मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असतो. त्या पत्त्यातला एक बिट शून्याचा एक झाला तर समजा सिडकोतल्या पत्त्यात घर नंबर बरोबर पण तिसऱ्या स्कीमच्या जागी पाचवी स्कीम लिहिली, पोस्टमन भलत्याच दारात जाणार. वरचा बिट पलटला तर पत्ता केवढा सरकतो बघा, २ चा ३० वा घात म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट, सरळ १ जीबी लांब. तिथे त्या प्रोसेसचं काही नसतं, विंडोज म्हणतं ही तुझी जागा नाही, ॲक्सेस व्हायोलेशन, आणि प्रोसेस मारून टाकतं. तोच बिट कीर्तनाच्या व्हिडिओतल्या एखाद्या ठिपक्याचा असता तर एका फ्रेममध्ये रंग किंचित बदलला असता, पप्पांना काय, बुवांना पण कळलं नसतं. शिवाय ब्राउझर जावास्क्रिप्टवरून मशीनचा कोड चालता चालता मेमरीतच तयार करतो, त्यात बिट पलटला तर काय होईल त्याचा नेम नाही, म्हणून दरवेळी कोड वेगळा.

आता हे सिद्ध करायचं. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, रिस्टार्ट करून चालतं, सुरू झाल्यावर एफ-वन दाबून एक्स्टेंडेड निवडायचं, नाहीतर ते वरवर बघून पास करतं. आमच्या स्टिकला त्याच्या साध्या टेस्टने पासच केलं होतं. म्हणून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकलं, फुकट व्हर्जनमध्ये चार फेऱ्या मिळतात, रात्री लावून झोपायचं. पेन ड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, लक्षात असू द्या. सकाळी सहाला पप्पांनी उठवलं, "अरे स्क्रीनवर लाल लाल काहीतरी आलंय, हात लावू का?" लाल ओळी म्हणजेच एरर. इथे लोक म्हणतात थोडेसेच तर आहेत, चालतंय. नाही चालत. मेमरीत एक एरर पण जास्त आहे.

तरी लगेच स्टिक फेकायची नाही. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी बंद केलं, म्हणजे रॅम चढवलेल्या स्पीडऐवजी साध्या स्पीडला चालते, कधीकधी वेगवेगळ्या दोन स्टिक एवढ्यानेच सुतासारख्या सरळ येतात. एरर कमी झाले पण गेले नाहीत. मग मशीन बंद, प्लग काढून, दोन्ही स्टिक बाहेर, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या आणि खोडरबराचा भुगा ब्रशने झटकला, हा आपला देशी उपाय दुकानात पण करतात आणि पट्ट्या काळपट पडल्या असतील तर उपयोग होतो. मग एकेक स्टिक एकटी, त्याच स्लॉटमध्ये. जुनी स्वच्छ पास. नवी लाल. मग नवी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, तरी लाल, म्हणजे स्लॉटचा दोष नाही, स्टिकच गेलेली. स्लॉटची ही परीक्षा चुकवू नका भो, नाहीतर चांगली स्टिक परत द्याल आणि खराब मदरबोर्ड घरात ठेवाल.

रॅमला बहुतेक कंपन्यांची वॉरंटी लांबलचक असते, बिल होतं, लाल स्क्रीनचा फोटो होता, बदलून मिळाली. दुकानवाले भाऊ आधी "चालवून बघतो" म्हणाले, मी म्हटलं रात्रभर चालवा, मग बघा. फॉरमॅट मारलं असतं तर खराब रॅमवर विंडोज टाकत बसलो असतो, फायली कॉपी होतानाच बिघडल्या असत्या.

आणि हा बिघाडाचा भाग मागे उरतोच. त्या दिवसांत डिस्कवर जे काही लिहिलं गेलं ते खराब मेमरीतून गेलंय. म्हणून नवी स्टिक रात्रभर टेस्ट करून घेतल्यावर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून आधी डिझमची रिस्टोअर हेल्थवाली कमांड आणि मग एसएफसी स्कॅननाऊ चालवलं, दोन्ही विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासणाऱ्या, विंडोजच्या काही फायली त्याने दुरुस्त केल्या. क्रोमचं प्रोफाइल पण नवं केलं, यूजर डेटाच्या फोल्डरमध्ये डिफॉल्ट नावाचं फोल्डर असतं, क्रोम बंद करून त्याचं नाव बदलायचं, डिलीट नाही करायचं, क्रोम नवं बनवतं आणि गुगल अकाउंटचं सिंक चालू असेल तर बुकमार्क-पासवर्ड परत येतात. मावसभावाच्या लग्नाच्या फोटोंची झिप त्याच काळात उतरवली होती, ती उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची खूण, देत होती. गुगल ड्राइव्हवर लिंक अजून जिवंत होती, परत उतरवली, उघडली. बायकोच्या त्या महिन्यातल्या शीट्स ऑनलाइन असल्यामुळे वाचल्या, पण पप्पांनी स्कॅन करून ठेवलेल्या सातबाऱ्याच्या दोन पीडीएफ उघडत नाहीत, त्या परत स्कॅन करायच्यात, कागद कपाटात आहेत.