ठमीचा पहिला सीझन: माग तुटला की काय करते
ठमीबद्दल बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं, आता अमेरिकेतल्या आयडाहोतला बॉबकॅटच्या (आखूड शेपटीच्या रानमांजराच्या) शिकारीचा सीझन निम्मा सरलाय तर एकदा सविस्तर टाकतो. ठमी म्हणजे आमची ट्रीइंग वॉकर जातीची हाउंड (वासावर माग काढून जनावराला झाडावर चढवणारी शिकारी कुत्री), अजून दोन वर्षांचीही नाही, आणि तिच्या जोडीला भैरू, जुना ब्लूटिक जातीचा हाउंड, रात्रीचा शिळा मागसुद्धा सकाळी चिकाटीने ओढत नेणारा. आयडाहो सिटीच्या वरच्या अंगाला फॉरेस्ट रोडवर पहाटे पिकअप हळू हळू चालवायची आणि ताज्या बर्फात ठसे शोधायचे, एवढाच आमचा कार्यक्रम.

परवाचा माग सांगण्यासारखा आहे. बर्फ मध्यरात्रीनंतर थांबला होता आणि ठशात वरून पडलेला एक कणही नव्हता, म्हणजे मांजर त्यानंतरच गेलेली. ठसा गोल, दोन इंचाच्या आसपास, नखं उमटलेली नाहीत, तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन फुगवटे (कायोटीचा, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराचा, ठसा लांबट असतो आणि नखं दिसतात, नवीन मंडळींनी हे डोक्यात पक्कं ठेवा). कुत्री सोडण्याआधी अख्खा रस्ता पुढे जाऊन लांडग्याचे ठसे आहेत का ते बघून आलो, हे मी कधीच टाळत नाही. १९९५-९६ मध्ये इथे लांडगे परत आणून सोडले, आता ते चांगले पसरलेत आणि माग काढत भुंकणारा हाउंड त्यांना लांबून ऐकू जातो, बाकी सांगायला नको.

सोडल्यावर भैरूने लगेच भुंकत माग धरला, ठमी त्याच्या मागे. अर्ध्या तासाने दोघं एकदम गप्प. गार्मिनवर (कुत्र्यांच्या पट्ट्याच्या जीपीएसवर) बघतो तर एकाच जागी घुटमळतायत. आणि बॉबकॅटची खरी गंमत इथेच आहे, माउंटन लायनचा (प्यूमाचा) वास कसा भरपूर असतो, तो पळतो आणि बहुतेक वेळा लवकर झाडावर चढतो, पण हे दहा किलोच्या आतबाहेरचं जनावर वासच कमी सोडतं, वर पडलेल्या ओंडक्यावरून चालतं, खडकावर उडी मारतं, आल्या वाटेनेच मागे फिरतं आणि मध्येच बाजूला सटकतं. मागच्या महिन्यापर्यंत असं झालं की ठमी सरळ पुढे सुसाट निघायची, नाही सापडलं की माझ्याकडे परत. यावेळी मी जागचा हललो नाही, हाक नाही, शिट्टी नाही. तिने आधी छोटा फेरा मारला, मग मोठा, मग परत येऊन एका पडलेल्या पाँडेरोसा पाइनच्या झाडावर पुढचे दोन्ही पाय टेकले आणि सालीवरून नाक फिरवत फिरवत टोकापर्यंत गेली, आणि तिथून तिने आवाज दिला!! भैरूच्या आधी!! म्हातारा धावत तिच्याकडे आला आणि त्यानेही री ओढली, मला तर भरून आलं.

पुढे डग्लस फरखाली आवाज बदलला, लांब हेल गेला आणि तुटक, जलद भुंकणं सुरू झालं, म्हणजे झाड धरलं. वर मांजर बसलेली, कानामागे पांढरा ठिपका, आखूड शेपटी वरून काळी खालून पांढरी. अंगाने लहान, मादीच असावी असं वाटलं. फोटो काढला, दोघांना पट्टे लावले, ठमीचं झाडाखालीच भरपूर कौतुक केलं आणि निघालो. माझ्यापुरतं कुत्र्यांनी काम पुरं केलं की शिकार झाली, ज्यांना कातडं हवं त्यांनी कायदेशीर टॅग लावून न्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण झाडाखाली आपण कसे वागतो हे महत्त्वाचं आहे. वॉशिंग्टन राज्यात १९९६ च्या मतदानानंतर हाउंड घेऊन बॉबकॅटची शिकार करणं बंद झालं, कॅलिफोर्नियात २०१३ पासून, कोलोरॅडोत २०२४ ला बंदीचा प्रस्ताव आला होता तो लोकांनी फेटाळला म्हणून वाचलं.

भारतात गावाकडचे कारवान जातीची कुत्री पाळणारे मित्र विचारतात की तुमची कुत्री इतकी हळू का. अहो, कारवान डोळ्याने बघून धावतो, हे नाकाने काम करतात, समोर काहीच दिसत नसताना. तुलनाच नको. (आणि तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच नाही, ते योग्यच आहे.)

हरणाचा माग ती आता ओलांडून जाते, ढुंकूनही बघत नाही. पंजे ठीक आहेत, बोटांमध्ये बर्फाचे गोळे धरतात ते मात्र दर थांब्याला काढावे लागतात. कोरड्या भुसभुशीत बर्फात अजून तिचं नाक चालत नाही, ओलसर बर्फ हवा. तसा बर्फ पडला की भैरूला गाडीतच ठेवून ठमीला एकटीला सोडणार आहे. तुमच्यापैकी कुणी तरुण वॉकर एकटी पळवली असेल तर माग तुटल्यावर तुम्ही किती वेळ थांबता आणि कधी जवळ जाता ते नक्की लिहा.