ठाण्यातून मेलबर्नचा पार्टनर व्हिसा: आधीचं लग्न कागदावर शिल्लक असताना

माझा जोडीदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक, राहणार मेलबर्न. मी ठाण्यात. माझं आधीचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं. या चौकटीत जे करावं लागलं आणि जे समजून घ्यावं लागलं ते लिहितेय. आधीच्या लग्नाचा कायदा किंवा समोरचा देश वेगळा असेल तर काही पायऱ्या बदलतील, पण दुखणं साधारण हेच राहील. नात्याचे पुरावे सगळेच मन लावून गोळा करतात. अर्जाला धक्का लागतो तो आधीच्या लग्नाच्या कागदांत, आणि तिथेही बहुतेक वेळा एखाद्या तारखेपायी.

आधी व्हिसाचे वर्ग. लग्न झालेलं असेल किंवा लग्नाविना एकत्र राहणं असेल, तर भारतातून ३०९ हा वर्ग. त्याच अर्जात कायमस्वरूपी १०० हा वर्गही मागितलेला असतो, फक्त त्याचा निर्णय साधारणपणे अर्जानंतर दोन वर्षांनी घेतात. ऑस्ट्रेलियात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी याचीच जोडी ८२० आणि ८०१. लग्न तिथे जाऊन करायचं असेल तर ३००. हा ९ ते १५ महिन्यांचा असतो, तेवढ्यात लग्न करायचं आणि मग तिथूनच ८२० चा अर्ज टाकायचा. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे आणि अर्ज नामंजूर झाला तर परत मिळत नाही. चुकीचा वर्ग निवडणं म्हणूनच फार महागात जातं.

घटस्फोट व्हायच्या आधी अर्ज करता येतो का? लग्नाविना सहजीवनाच्या, म्हणजे डी फॅक्टो नात्याच्या आधारावर येतो. तिकडच्या कायद्याला तुम्ही दुसऱ्या कुणाशी कागदोपत्री विवाहित असल्याचं वावडं नाही. ते नातं संपलेलं असावं आणि आताचं नातं अर्जाआधी किमान १२ महिन्यांचं असावं, एवढं ते पाहतात. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स अशा राज्यांत नात्याची नोंदणी केली की १२ महिन्यांची अट सुटते. पण दोघांपैकी एकाचंही लग्न शिल्लक असेल तर ही नोंदणीच होत नाही. म्हणजे ज्याला आडवाटेची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती बंद. शिवाय वर्षभर नुसते व्हिडिओ कॉल आणि दोन सुट्ट्या एकत्र, एवढ्यावर डी फॅक्टो नातं उभं करणं अवघड आहे. एका छपराखाली राहिल्याचा काही काळ दाखवता आला तर अर्जात जीव येतो.

हा मार्ग धरताना इकडची बाजू विसरू नये. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून तो कायद्यात अजून आहे. पत्नी 'व्यभिचारात राहते' असं सिद्ध झालं तर पोटगीवरही परिणाम होतो. आधीच्या जोडीदाराशी अजून काही ठरलेलं नसताना नव्या जोडीदारासह दोघांच्या नावाचा लिव्ह अँड लायसन्सचा (भाड्याचा) करार करणं म्हणजे व्हिसासाठी पुरावा आणि कोर्टात समोरच्याच्या हातात कोलीत. आधी समझोता, मग करार, हा क्रम मी सांगेन.

आता तारखेकडे येते. परस्परसंमतीच्या पिटिशनमध्ये 'आम्ही अमुक तारखेपासून वेगळे राहतो' असं वाक्य असतं. कलम १३ ब ला एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, म्हणून पुष्कळदा टायपिस्ट जुन्या पिटिशनमधला मजकूर उचलतो आणि वर्ष भरेल अशी एखादी तारीख टाकून मोकळा होतो. कोर्टाचं काम तेवढ्यावर भागतं. व्हिसाच्या अर्जात मात्र विचारतात: आधीचं नातं कधी संपलं, आताचं कधी सुरू झालं, एकत्र आयुष्य काढायचं कधी ठरलं. पिटिशनमध्ये वेगळं राहणं जून २०२२ पासून आणि अर्जात नवं सहजीवन जानेवारी २०२२ पासून असेल, तर डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो. पत्त्यांचंही तसंच. व्हिसासाठीच्या वैयक्तिक माहितीच्या फॉर्म ८० मध्ये दहा वर्षांचे पत्ते महिन्यांसकट मागतात आणि पिटिशनच्या पहिल्याच पानावर तुमचा पत्ता असतो. चुकीची माहिती दिली असं त्यांनी ठरवलं तर तीन वर्षं व्हिसा मिळत नाही. म्हणून पिटिशनवर सही करण्याआधी एका कागदावर सगळ्या तारखा मांडाव्यात, आणि वकिलाला आणि व्हिसाचं काम बघणाऱ्याला तोच कागद द्यावा. तारीख खरी असावी, हे तर आलंच. खरी असली की ती लक्षातही ठेवावी लागत नाही.

ठाण्या-नवी मुंबईतल्या जागांच्या किमती पाहता, वेगळे झालेले नवरा-बायको बरेच महिने एकाच वन बीएचकेत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं. व्हिसा अधिकाऱ्याला हे आपोआप कळत नाही, अर्जासोबतच्या निवेदनात दोन ओळींत सांगावं.

परस्परसंमतीत पहिली हजेरी, मग सहा महिने थांबणं, मग दुसरी हजेरी, हा कायद्यातला क्रम. दुसरी हजेरी १८ महिन्यांच्या आत मागायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर सहा महिने माफ करून मागता येतात, मात्र वेगळं राहून पहिल्या हजेरीआधीच दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलं, स्त्रीधन यांचा निकाल लागलेला असावा. माफीचा अर्ज पहिल्या हजेरीनंतर आठवड्याने करता येतो. 'परदेशात जायचंय' हे एकटं कारण पुरत नाही, कन्सेन्ट टर्म्स, म्हणजे समझोत्याच्या लेखी अटी, पूर्ण असणं जास्त उपयोगी पडतं. डिक्री होईपर्यंत दोघांची संमती टिकावी लागते, मधेच एकाने काढून घेतली की सगळं थांबतं. म्हणून समोरच्याला द्यायच्या रकमेचा मोठा हप्ता दुसऱ्या हजेरीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने द्यावा. आधी सगळं देऊन बसू नये.

पत्त्यावर 'नवी मुंबई' लिहिलं की जिल्हा ठाणे, असं धरून चालू नका. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. कोर्ट कुठलं हे त्यावर ठरतं. पुढे विशेष विवाह कायद्याने इथेच लग्न करायचं असेल तर नोटीस कुठल्या विवाह अधिकाऱ्याकडे, हेही त्यावरच. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी ३० दिवस वास्तव्य लागतं, नंतर ३० दिवस हरकतीसाठी, आणि नोटीस तीन महिन्यांत मोडीत निघते. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराची रजा या गणितात बसवायची असते.

काडीमोडीचा स्टॅम्प पेपर हा वेगळाच ताप. पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, आणि घरचे सांगतात 'झाला की घटस्फोट'. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला यावर घटस्फोट मिळत नाही. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड चालत असेल तर कायदा ती रूढी मानतो, पण ती सिद्ध करावी लागते, आणि ते कोर्टातच. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं आणि त्या लग्नावर ३०९ मागितला, तर लग्नच रद्दबातल ठरतं, आणि मग अधिकारी विचारतो: १२ महिन्यांचं सहजीवन दाखवा. स्टॅम्प पेपरचा उपयोग एकच, नातं कोणत्या सुमारास संपलं हे दाखवायला.

उलट बाजूही तितकीच चिवट आहे. जोडीदाराचं पहिलं लग्न भारतात हिंदू पद्धतीने झालेलं असेल आणि घटस्फोट ऑस्ट्रेलियाच्या कोर्टातून एकतर्फी घेतलेला असेल, तर ऑस्ट्रेलियासाठी तो मोकळा. भारतासाठी बहुधा नाही. 'वर्षभर वेगळे राहिलो' एवढ्यावर तिथे घटस्फोट मिळतो, ते आपल्या कायद्यातलं कारण नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार दुसऱ्या बाजूने ते कोर्ट स्वेच्छेने मानलेलं असावं लागतं. अशा जोडीने लग्न मेलबर्नलाच करावं, असं माझं मत. तिथे सेलिब्रंटकडे, म्हणजे लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे, किमान महिनाभर आधी नोटीस द्यायची असते आणि त्याला घटस्फोटाचा पुरावा दाखवावा लागतो. तिकडचा घटस्फोट आदेशानंतर एक महिना आणि एक दिवसाने लागू होतो. त्याआधी केलेलं लग्न रद्द.

३०० मागणाऱ्यांनी माझ्या मते डिक्री हातात आल्यावरच फी भरावी. लग्नाला कायद्याचा अडथळा नसावा ही तिथे अट आहे, आणि आपल्या कोर्टात पुढची तारीख कधी पडेल यावर नऊ हजार डॉलर लावू नयेत.

डिक्री झाली की नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकताना जजमेंट आणि डिक्री दोन्ही मागा, किमान तीन संच. मिळाल्या मिळाल्या तिथेच उभं राहून वाचा: दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे, लग्नाची तारीख, वेगळं राहण्याची तारीख. टंकलेखनाची चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करून दुरुस्त होते, पण फाइल रेकॉर्ड रूमला गेल्यावर तेच काम रेंगाळतं. संमतीच्या डिक्रीवर कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे अपील नाही. लढून किंवा एकतर्फी मिळालेली असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या आणि अपील झालेलं नाही याची खात्री करून मगच लग्नाची तारीख काढा.

समझोत्यात '४९८ अ मागे घेणार' (सासरच्या छळाची, जुन्या दंड संहितेखालची फौजदारी तक्रार) असं लिहिलं म्हणजे केस संपत नाही. एफआयआर मुंबई उच्च न्यायालयातून वेगळा रद्द करून घ्यावा लागतो. तो उरला तर पोलीस क्लिअरन्सला, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या पोलिसांच्या दाखल्याला, अडचण येते, पासपोर्टच्या नूतनीकरणालाही.

मूल बरोबर न्यायचं असेल तर कन्सेन्ट टर्म्समध्ये 'ताबा आईकडे' एवढं पुरत नाही. 'ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्यासाठी नेण्यास वडिलांची संमती' असं देशाच्या नावासकट लिहून घ्या आणि मुलाच्या व्हिसासाठी संमतीच्या फॉर्म १२२९ वर त्याच दिवशी सही घ्या. नंतर ती सही मिळवणं म्हणजे पुन्हा वाटाघाटी.

बायकांसाठी नावाचा प्रश्न. पासपोर्टवर आधीच्या नवऱ्याचं नाव मधलं म्हणून, आधारवर माहेरचं, डिग्रीवर वडिलांचं, काहींचं तर पाळण्यातलं नावही लग्नात बदललेलं. राज्य राजपत्रात नावबदल छापून घ्या, मग पासपोर्ट, मग पॅन आणि बँक. व्हिसाच्या अर्जात 'इतर नावं' या रकान्यात आजवरचं प्रत्येक नाव लिहा, एकही गाळू नका. पोलीस क्लिअरन्स नव्या पासपोर्टवर काढा, आधी काढली तर पुन्हा काढावी लागेल. गेल्या दहा वर्षांत एकूण १२ महिने जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाची क्लिअरन्स लागते.

स्टेशनबाहेरचे एजंट अपोस्टिलचं (परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्याचं) पॅकेज गळ्यात मारतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा अर्जाला मूळ कागदाचं रंगीत स्कॅन पुरतं. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता. बाकी भाडेकरार दोघांच्या नावाचा आणि नोंदणीकृत, महावितरणचं बिल एकाचं आणि गॅसचं दुसऱ्याचं, फॉर्म ८८८ वर नातं खरं असल्याची किमान दोघा ओळखीच्यांची निवेदनं. साक्षीदार असे निवडा ज्यांना आधीच्या लग्नाबद्दलही माहीत आहे. 'यांचं हे पहिलंच नातं' असं कुणी कौतुकाने लिहून ठेवलं की निस्तरत बसावं लागतं.

वाट पाहताना टुरिस्ट व्हिसावर जाऊन यावं असं वाटेलच. जा, पण मंजुरीच्या पत्रात अट ८५०३ आहे का बघा. ती असेल तर तिथे उतरून ८२० चा अर्ज करता येत नाही.