गाडी बंद पडते, पण मेकॅनिकसमोर नाही

माझी गाडी दोन सीटची, वरून उघडी, फायबर बॉडीची, वयाने विशीच्या पुढची. जळगावात ती सिग्नलला थांबली की शेजारचा मोटारसायकलवाला हमखास विचारतो, "भाऊ, किती देते?" ॲव्हरेजचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. ती मधेच बंद का पडते, याचं मात्र बरेच महिने कोणाकडेच नव्हतं.

रावेर-सावद्याकडे माझी ड्रिपच्या सामानाची वसुली असते. संध्याकाळी परतताना फैजपूर सोडून भुसावळकडे यायला लागलं, की एखाद्या खड्ड्यात दणका बसायचा आणि इंजिन मरायचं. मागे केळीचा ट्रक हॉर्नवर हॉर्न मारतोय, आपण कशीबशी गाडी कडेला घेतोय. किल्ली बंद करायची, दिवे मालवायचे, जरा थांबून सेल्फ मारायचा. पहिल्या झटक्यात सुरू! दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली की दिवसभर फिरवा, हूं की चूं नाही.

गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. न दिसणारा बिघाड शोधायला वेळ जातो, त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, मग पार्ट बदलून बघणं एवढंच त्यांच्या हातात उरतं. बॅटरी बदलून झाली, इग्निशन कॉइल बदलून झाली, एकाने अल्टरनेटर खोलून कार्बन ब्रश नवे टाकले. शेवटी एक जण म्हणाला, "ईसीएम गेला." ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. ते ऐकल्यावर मी गाडी घरी आणली.

आमच्या कॉलनीत भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले एक काका राहतात. आयुष्य रिले (करंटने ओढले जाणारे स्विच) आणि कॉन्टॅक्टमध्ये गेलेलं. गाडी ढकलत आणली की ओट्यावरून विचारायचे, "काय भो, आज बी रुसली का?" त्यांनी पहिलं काम सांगितलं ते पाना-पक्कडीचं नव्हतंच. म्हणाले, "तिला बंद पडू दे. पडली की त्या घडीला काय काय चालू होतं ते लिहून ठेव."

डॅशबोर्डच्या खणात वही ठेवली. गरमीने होतं असं सगळे म्हणत होते, मलाही तेच वाटायचं. पण वहीत वेगळंच उमटत गेलं. मे महिन्यात भर दुपारी, भुसावळ तापलेलं असताना, गाडी एकदाही बंद पडली नव्हती. पडायची ती दिवेलागणीला: हेडलाईट चालू, ट्रकांच्या मागे रांगत आल्याने रेडिएटरचा फॅनही चालू, आणि वर खड्डा. तिन्ही जुळून आले की गेलीच. आणखी एक बारीक नोंद होती. हेडलाईट लावली की पेट्रोलचा काटा किंचित हलायचा. लाईट लावून टाकीतलं पेट्रोल थोडंच कमी-जास्त होतं? काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली.

दुसरी खूण टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याची. पेट्रोल तुटलं तर इंजिनाचा वेग उतरेल तसा काटा हळूहळू खाली येतो. माझा काटा गाडी गिअरमध्ये पळत असतानाच धाडकन शून्यावर यायचा. म्हणजे पेट्रोल नाही, करंट तुटतोय.

मग काकांनी डॅशबोर्डवर तीन छोटे एलईडी लावून दिले. एक किल्लीतून येणाऱ्या वायरवर, दुसरा इंजिनाला करंट देणाऱ्या मेन रिलेच्या 87 नंबरच्या पिनवर, म्हणजे जिथून करंट बाहेर पडतो तिथे, तिसरा पेट्रोल पंपाच्या वायरवर. प्रत्येक वायर जिथून घेतली तिथेच एक अँपिअरचा फ्यूज. पेट्रोलच्या गाडीत याला पर्याय नाही. निगेटिव्ह मात्र तिन्हीची थेट बॅटरीवर, अर्थवर (करंट बॅटरीकडे परत जायच्या गाडीतल्या वाटेवर) नाही. "बॉडीच्या अर्थवर नको," काका म्हणाले, "ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीदार कसा करतोस?"

पुढच्या फेरीत गाडी तापी पुलाच्या अलीकडे बंद पडली, आणि मला चक्क आनंद झाला. किल्लीचा दिवा लागलेला. रिलेचा विझलेला, पंपाचाही विझलेला. किल्लीपर्यंत सगळं ठीक होतं, रिले सुटत होता, म्हणजे त्याचा स्विच मधेच उघडत होता.

रिले नवा टाकून बघितला, तोच प्रकार. रिलेच्या 85 आणि 86 या पिना म्हणजे स्विच ओढून धरणारी आतली कॉइल. तिला एका बाजूने किल्लीचा करंट, दुसऱ्या बाजूने अर्थ. पत्र्याच्या गाडीत कुठेही स्क्रू मारला तरी अर्थ मिळते, कारण सगळी बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. फायबरमधून करंट जातच नाही. त्यामुळे माझ्या गाडीत हेडलाईट, फॅन, मीटर आणि हा रिले, सगळ्यांच्या अर्थ वायरी बोनेटखाली एकाच बोल्टवर आणल्या होत्या आणि तिथून एक जाड केबल बॅटरीकडे जात होती.

ती केबल आधीच्या मेकॅनिकनेही तपासली होती. मल्टीमीटरच्या दोन टोकांनी ओहम, म्हणजे रोध, बघितला, आकडा शून्याजवळ, म्हणून पास. गोम इथेच होती. साधा मीटर स्वतःच्या वायरींचाच रोध 0.2-0.3 ओहम दाखवतो, त्यात 0.1 ओहमचा दोष कुठून दिसणार? पण दोन हेडलाईट मिळून साधारण 10 अँपिअर, फॅनचे आणखी तेवढेच धरा. 20 अँपिअर गुणिले 0.1 ओहम, म्हणजे 2 व्होल्ट वाटेतच गळाले. हा दोष करंट वाहत असतानाच सापडतो.

म्हणून अंगणात हेडलाईट आणि फॅन चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या बोल्टला. 0.2 च्या आत हवं होतं, 1.8 आलं. केबलचं थिंबल (टोकाला दाबलेली धातूची कडी) नुसतं हाताने हलवलं तर आकडा सातच्या वर उडाला आणि रिले टक् करून सुटला. काका काही बोलले नाहीत, फक्त हेडलाईट बंद करायची खूण केली. आकडा खाली पडला, रिले पुन्हा ओढला गेला. गाडी रस्त्यात आपोआप बरी का व्हायची, ते तिथे कळलं. बंद पडली की मी किल्ली फिरवून दिवे घालवायचो, लोड उतरायचा, अर्थ पुरेशी व्हायची. गॅरेजला जायचो दिवसा, दिवे बंद ठेवून.

गरमीचाही हात होताच. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. बोनेटखाली रिलेची तांब्याची कॉइल 60 अंशांनी तापली तर जवळजवळ पाव हिस्सा वाढ. एकदा सुटलेला गरम रिले परत ओढायला मग जास्त व्होल्टेज लागतं.

थिंबलवरची काळी स्लीव्ह ब्लेडने कापली. आत तांब्याची हिरवी भुकटी, चार-सहा तारा चमकत होत्या, बाकी हाताला लागून तुटल्या. बाहेरून केबल ठणठणीत दिसत होती.

पुढचं काम सोपं होतं. मोटार पंपाचे पॅनेल भरणाऱ्या दुकानातून 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, टिन केलेली थिंबलं हायड्रॉलिक टूलने तिथेच दाबून घेतली. बोल्टची जागा घासून दातेरी वॉशर टाकला, वरून पेट्रोलियम जेली. रिलेच्या कॉइलची अर्थ वेगळी काढून थेट बॅटरीवर नेली, म्हणजे फॅन आणि हेडलाईटच्या भानगडीत तो पडणार नाही. पुन्हा पूर्ण लोडवर मोजलं: 0.06.

त्यानंतर पावसाळा गेला, फैजपूर रोडचे खड्डे वाढले, गाडी रस्त्यात थांबलेली नाही. पेट्रोलचा काटाही जागेवर राहतो. मागचा डावा इंडिकेटर मात्र कधीकधी भरभर लुकलुकतो. डिकीतली अर्थ वेगळ्या बोल्टवर आहे. काकांनी वही मागून घेतली आहे.