दहा बाय बारा

एप्रिलातली दुपार, दोन वाजलेले, आणि मी परसात लिंबाखाली उकिडवा बसून फक्की मारतोय. दहा बाय बारा. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलंच, "कबड्डी ठेवली का?"

कबड्डी नाही, खोली. पुण्याचं ऑफिस लातुरात बसून करायला लागल्यापासून माझी सारखी बदली होते: बेडरूम, ओसरी, देवघराचा कोपरा. परवा मीटिंगमध्ये मागून कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या आणि साहेबांनी पलीकडून विचारलं, "वरणच ना?" त्याच दिवशी ठरवलं, परसात एक केबिन.

कागदावर ती फक्त माझ्या टेबलापुरती होती. मग लेकीला अभ्यासाला हवी झाली, म्हणून टेबल बिजागरीवर, भिंतीला मिटणारं. पाहुण्यांना दिवाण, दिवाणाच्या पोटात गाद्या. बायको म्हणाली, "कुरडयांचे डबे?" पश्चिमेची खिडकी बुजवली (मेमध्ये तिकडून वारा येत नाही, भट्टी येते) आणि तिथं डब्यांच्या फळ्या आल्या. 120 चौरस फूट. माझी खुर्ची अजून कागदाबाहेरच आहे.

छताच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटलो होतो. मला माळवद हवं होतं. आजोबांच्या घरासारखं: सागवानी सर, त्यावर फळ्या, वर पांढरी माती. बाहेर फुफाटा आणि आत पाय ठेवला की गार. छतातल्या साण्यातून कवडसा सारवलेल्या जमिनीवर पडायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. कवडसा चुलीपाशी आला की माझी शाळा सुटलेली असायची. घड्याळ होतं घरात, पण त्याला कोणी विचारत नसे.

आई ज्वारी पाखडत सगळं ऐकत होती. सूप न थांबवता म्हणाली, "वर माती नको. पत्रा टाक. आन् दार बाहीर उघडंल आसं कर."

झालं. पुढं बोलायचं काही राहिलं नाही.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून गाव झोपलेलं, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आमचं गाव औसा तालुक्यातच, पण किल्लारीपासून जरा लांब. आमच्याकडं भिंती फुटल्या, माणसं राहिली. तिकडं दोन्ही गेलं. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती पडायची, जुनी कोणी काढायचं नाही. दोन-दोन फुटांचा थर झालेला. खाली भिंती म्हणजे आत-बाहेर दगडांच्या दोन पाळी, मधे माती, आणि दोन्ही पाळींना धरून ठेवणारा लांब आडवा दगड कुठंच नाही. हे मला पुढं इंजिनीअर मित्रानं सांगितलं. तेव्हा तिसरीत होतो, एवढंच कळलं की आता घरात झोपायचं नाही.

परसात दहा पत्र्यांची शेड उभी राहिली. तीन बाजूंनी पत्रे, चौथीला पोती. त्यात आजोबांची बाज, आईची चूल, ज्वारीची कणगी, माझं दप्तर आणि एक शेळी. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज, की आजोबा ओरडून बोलायचे. पाऊस थांबल्यावरही ते ओरडतच राहिले, अगदी शेवटपर्यंत. रात्री कंदिलाखाली पाढे. सत्तावीसचा पाढा मला अजून शेळीच्या वासासकट आठवतो. मिस्त्री ज्याला आता मल्टिपर्पज म्हणतो ते हेच असावं. घर दुरुस्त झालं तरी आई दोन वर्षं आत निजली नाही.

निजताना ती उशाशी तांब्या ठेवायची आणि त्यावर पेला. पालथा नाही, आडवा. जमीन हलली की पडणार, पडला की जाग येणार. बहुतेक वेळा मांजर पाडायचं आणि आम्ही सगळे अंधारात, शेळीसकट, बाहेर.

तर पत्रा. खाली थर्माकोल, वरून चुना. दार बाहेर उघडायचं तर लिंबाचा बुंधा आड येत होता. फक्की पायानं पुसली आणि खोली तीन फूट पुढं सरकवली. मिस्त्री सोमवारी येतो म्हणालाय, कुठल्या सोमवारी ते नाही बोलला.

रात्री पाणी प्यायला उठलो. आई भिंतीकडं तोंड करून झोपलेली. उशाशी तांब्या होता, त्यावर पेला, आडवा.