लॅपटॉपवर चालणारा, क्लस्टरवर पडणारा जॉब

काफ्का या संदेशवाहक प्रणालीमधून येणारे व्यवहार वाचून ते ॲव्हरो या फाइल-स्वरूपात साठवणारा, स्पार्क या अनेक यंत्रांवर डेटा-प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक जॉब माझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालत होता, पण गोरेगावच्या कार्यालयातून तो क्लस्टरवर (एकत्र काम करणाऱ्या अनेक यंत्रांवर) पाठवताच पडू लागला आणि तो उभा करण्यात माझे तीन दिवस गेले.

पहिली चूक माझीच होती. जारमध्ये (जाव्हाचा कोड बांधलेल्या फाइलमध्ये) फक्त आमचा कोड होता, अवलंबित्वे, म्हणजे त्याला लागणाऱ्या इतर लायब्ऱ्या, नव्हती, त्यामुळे क्लास सापडत नसल्याचे सांगणारे क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन आले. मी मेव्हन या जाव्हा प्रकल्प बांधणाऱ्या साधनाच्या शेड प्लगइनने सर्वसमावेशक जार बांधली.

मग नोसचमेथडएरर आला: ग्वावा या गुगलच्या जाव्हा लायब्ररीतल्या स्टॉपवॉच क्लासमध्ये क्रिएटस्टार्टेड ही मेथड सापडत नव्हती. जार उघडून पाहिली तर क्लास आहे, मेथडही आहे. मी संध्याकाळपर्यंत कोड चाळत राहिलो, तेव्हा शेजारचा वरिष्ठ सहकारी म्हणाला, "अरे, कोड काय वाचत बसलायस? तो क्लास कुठल्या जारमधून आलाय, ते त्यालाच विचार." क्लासच्या प्रोटेक्शन डोमेनमधून कोड सोर्सचा पत्ता छापणारी एक ओळ मी घातली आणि लॉगमध्ये उत्तर आले: स्पार्कच्या स्वतःच्या जार्स फोल्डरमधली ग्वावा 14.0.1. ही मेथड ग्वावात आली ती 15 व्या आवृत्तीत. क्लस्टरवर स्पार्कची जार आधी वाचली जाते, त्यामुळे माझी नवी आवृत्ती जारमध्ये असूनही तिची पाळीच येत नव्हती.

वापरकर्त्याच्या जारला अग्रक्रम देणारी सेटिंग लावून पाहिली. स्पार्कचे दस्तऐवजच तिला प्रायोगिक म्हणतात, ते उगाच नाही. आता एका क्लासची वस्तू दुसऱ्या क्लासची मानता येत नाही असे सांगणारे क्लासकास्टएक्सेप्शन आले, आणि त्यात दोन्ही बाजूंना एकाच क्लासचे नाव! स्पार्कची लायब्ररी 'प्रोव्हायडेड' (क्लस्टरवर आधीच असलेली, म्हणून जारमध्ये न घ्यायची) न ठेवता मी तीही जारमध्ये कोंबली होती, आणि दोन वेगळ्या लोडरांनी (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागांनी) वाचलेला एकच क्लास जाव्हाच्या लेखी दोन वेगळे क्लास असतात. सेटिंग काढली, स्पार्क 'प्रोव्हायडेड' केले आणि शेडच्या रिलोकेशनने ग्वावाचे पॅकेज आमच्या नावाखाली हलवले, तेव्हा हा गुंता सुटला.

तरीही 'काफ्का हा डेटा सोर्स सापडत नाही' हा निरोप आलाच. काफ्का आणि ॲव्हरो या दोन्ही जोडण्या आपापल्या जारच्या मेटा-इन्फमधील सर्व्हिसेस फोल्डरात एकाच नावाच्या फायलीत आपली नोंद ठेवतात, आणि जार बांधताना त्यांतली एकच फाइल उरली होती. अनझिपने ती छापून पाहिली, तर आत ॲव्हरोची एकुलती एक ओळ. अशा फायली एकत्र करणारा शेडचा सर्व्हिसेस रिसोर्स ट्रान्सफॉर्मर जोडून जार पुन्हा बांधली, फाइल परत छापली. दोन ओळी दिसल्या. रात्री साडेदहाला जॉब पाठवला आणि एक्झिक्युटरांच्या (क्लस्टरवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रक्रियांच्या) लॉगमध्ये पहिली बॅच पूर्ण झाल्याची नोंद पाहूनच स्टेशनकडे निघालो.