तुम्ही विचारलंत म्हणून: बोट क्लबचा इतिहास मी का लिहीत नाही

लग्नात विचारतात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात विचारतात. परवा दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो, तिथेही एकाने गाठलं. "सर, 2028 ला बोट क्लबला शंभर वर्षं होतात. जुन्या वह्या तुमच्याकडे, फोटो तुमच्याकडे, म्हाताऱ्या मंडळींशी बोलूनही झालंय. मग टीमचा इतिहास लिहीत का नाही?" आजवर मी वेळ नाही म्हणालो, मग डोळ्यांचं ऑपरेशन पुढे केलं. वेळ खरंच नव्हता, ऑपरेशनही झालं होतं. पण न लिहिण्याचं कारण ते नव्हतं.

हा क्लब ज्या कॉलेजचा, त्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा इतिहास लिहायला अवघड नाही. 1854 ला सुरुवात, 2022 ला विद्यापीठ, मधे विश्वेश्वरय्यांसारखे विद्यार्थी. रेगाटाचा, म्हणजे क्लबच्या नदीवरच्या सोहळ्याचाही लिहिता येईल. मशाली, पंट फॉर्मेशन, कयाक बॅले हे सगळं काठावरून दिसतं आणि पाहिलेली माणसं भरपूर आहेत. प्रश्न वल्हवणाऱ्या टीमचा आहे. पहाटे साडेपाचला, समोरच्याची फक्त पाठ दिसते अशा अंधारात चारजण आणि सुकाणू धरून हाका देणारा एक कॉक्स पाण्यात काय करतात, हे बघायला काठावर कोणी नसतं. त्यांनी वहीत लिहिलं तेवढंच उरतं.

ती वही कशी असते ते सांगतो. तारीख, बोट, मग बो म्हणजे बोटीच्या नाकाशी बसणारा, दोन, तीन, सगळ्यांना ताल देणारा स्ट्रोक, कॉक्स अशी नावं, शेवटी पाणी आणि हवा, आणि एक ओळ शेरा. "जलपर्णी फार, पुलापर्यंतच गेलो." बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे मुळेचं पाणी वर तुंबतं म्हणून इथे बोट चालते, आणि तुंबतं म्हणूनच उन्हाळ्यात जलपर्णीने भरतं. शर्यत 2000 मीटरची आणि मोकळं पाणी कधी कधी त्याच्या निम्मंसुद्धा नाही. हे सगळं त्या एका ओळीत मावतं. मला या वह्यांचं वेड आहे, ते नाकारत नाही.

2016 ला दत्तू भोकनळ रिओला गेला तेव्हा विचारणाऱ्यांचा जोर वाढला. चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा मुलगा, 2012 ला सैन्यात भरती होतो, तिथे वल्हं हातात घेतो आणि चार वर्षांत ऑलिम्पिकमध्ये तेरावा येतो. मी त्याची शर्यत उभा राहून पाहिली. दुसऱ्या दिवशी तिघांचे फोन आले, आता तरी लिहा म्हणून. त्या रात्री एक वही काढली, एक पान उघडलं आणि परत ठेवून दिली.

ते पान माझ्याच अक्षरातलं आहे. मी तिसऱ्या वर्षाला होतो, टीमचा सेक्रेटरी आणि बोटीचा स्ट्रोक. डिसेंबरमध्ये चंदीगडला सुखना तलावावर शर्यत होती. निघायच्या दहा दिवस आधी माझं उजवं मनगट धरलं. वल्हं पाण्याबाहेर आलं की आतल्या हाताने ते आडवं फिरवायचं आणि पाण्यात जाण्याआधी परत उभं करायचं, दर मिनिटाला तीस-बत्तीस वेळा. त्या फिरवण्यानेच मनगट जातं. अंगठ्याच्या मागे बोट ठेवलं तर आत करकर लागायची, कोरड्या दोरीसारखी. मी ते कोणाला सांगितलं नाही. बोट हाऊसमधल्या मामांनी पट्टी पाहिली. ते रिगरचा, म्हणजे वल्हं टेकवायच्या बोटीबाहेरच्या आधाराचा नट आवळत होते. म्हणाले, "राखीव आहे ना तुमच्यात?" मी हो म्हणालो आणि बाही खाली ओढली.

राखीव होता. शेवटच्या वर्षाला होता, त्याला पुन्हा संधी नव्हती. मी तापात पडलो होतो तेव्हा तो अकरा दिवस माझ्या जागेवर बसला होता आणि बोट सरळ गेली होती. चंदीगडला तो आमचे स्वेटर आणि चपला घेऊन काठावर उभा राहिला. सकाळी दाट धुकं. पंचांनी शर्यत चाळीस मिनिटं पुढे ढकलली. पाणी इतकं निवांत होतं की रिगरवरून पडलेल्या थेंबाची वर्तुळं मोजता यायची. पंधराशे मीटरपर्यंत आम्ही दुसरे होतो. मग एका ओढीनंतर वल्हं उभं झालंच नाही. तिरकं पाण्यात गेलं, खाली ओढलं गेलं आणि मूठ माझ्या छातीवर बसली. बोट उभी राहिली म्हणजे काय, ते अंगाने कळतं. मागच्या तिघांचा सगळा जोर पायांतून येऊन माझ्यापाशी थांबला. कॉक्स माझ्यापासून हातभर अंतरावर होता, तोंड उघडं, आणि त्याला ओरडायला शब्द सापडत नव्हता. आम्ही पाचवे आलो.

परतीच्या गाडीत मी वही लिहिली. वर आहे: "धुके. शर्यत 40 मि. उशिरा." खाली शेरा आहे: "बाजूच्या वाऱ्याने बोट हलली, हरलो." धुकं आणि बाजूचा वारा एकाच पानावर, तीन बोटांच्या अंतराने. वारा असता तर धुकं टिकलं असतं का? इतक्या वर्षांत ते पान कितीजणांनी चाळलं, एकानेही विचारलं नाही. छातीवरचा वळ आठवडाभर होता. बोटीतल्या तिघांनी चूक झाली एवढंच पाहिलं, मनगट नाही. तेही वाऱ्याला हो म्हणाले. मला वाचवायला म्हणाले असावेत.

एकविसाव्या वर्षीचा मी याला अजून उत्तर देतो, आणि ते अगदीच फोल नाही. मनगटाला पट्टी बांधून कोण वल्हवत नाही? दहा दिवस आधी स्ट्रोक बदलला असता तर ताल बिघडला नसता कशावरून? तो बसला असता तर आम्ही सहावेही आलो असतो. मी त्याला म्हणतो, असतो. पण ते ठरवायचं तू एकट्याने का? तो म्हणतो, मग कोणी ठरवायचं, मी सेक्रेटरी होतो. इथे आमचं भांडण थांबतं आणि दुसऱ्या कुठल्या तरी रात्री तिथूनच सुरू होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या एका पानावर वारा खोटा आहे. मग 1950 च्या, 1970 च्या पानांवरचा वारा कोणाचा? "जोरात पाऊस, सराव रद्द" म्हणजे पाऊसच का? मी बाकीच्यांवर संशय घेतो असं नाही. त्यांना तसं लिहायचं कारण नसेलही. पण शेरा वाचला की माझा हात अडतो. आणि राखीवला तर वहीत रकानाच नाही. बो ते कॉक्स पाच जागा, संपलं. ज्यांनी स्वेटर धरले त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. त्यांना वगळून लिहिलेल्याला मी टीमचा इतिहास म्हणू शकत नाही, आणि त्यांना शोधायला निघालो तर पहिला फोन माझ्या त्या राखीवलाच करावा लागतो.

तोही विचारणाऱ्यांपैकीच आहे. दिवाळीला फोन करतो, दरवेळी तेच. "लिही की रे. त्या चंदीगडच्या वाऱ्याचं पण लिही, जाता जाता राहिलो आपण." तो काठावर होता. वारा नव्हता, हे त्याला माझ्याइतकंच माहीत असणार. तो विसरलाय, की मला आठवण करून देतोय, हे मला आवाजावरून कधी कळलं नाही.

हे छापायला देण्याआधी त्याला सांगावं म्हणून रविवारी फोन लावला. लागला नाही. त्याच्या शेतावर रेंज नसते. आज संध्याकाळी पुन्हा लावणार आहे.