विंडोज सुटलं, फॉन्ट सुटेना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. माझं मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, तो यात नाही. चालतं मशीन भंगारात द्यायला मन होईना. भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. वायफाय, आवाज, पेनड्राइव्ह सगळं पहिल्या झटक्यात चाललं. प्रिंटरने थोडं रडवलं, तोही लागला मार्गी.

खरा त्रास मराठीचा झाला.

बडोद्यात दांडिया बाजारात राहून मी घरूनच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते. लग्न-मुंजीच्या पत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, स्मरणिका. कितीतरी वर्षांचं काम हार्ड डिस्कवर आहे, आणि मिंटवर त्यातली पहिलीच फाईल उघडली तर रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा नुसता काला. जुन्या डीटीपी फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची रोमन अक्षरांचीच कोडं. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. हे फॉन्ट ज्या पॅकेजमधून येतात ते फक्त विंडोजवर चालतं, तेही कंपनीचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली, लावला तरच. मुखवटा गेला की 'कुलकर्णी' शोधूनही सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतंच.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या प्रमाण कोडात, बदलणारे कन्व्हर्टर आहेत. पण जुन्या फॉन्टात 'विठ्ठल' लिहिताना आधी वेलांटी, मग व. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचं बरोब्बर उलटं. त्यामुळे 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम' होतो, 'सर्व'चा 'सवर्'. स्मरणिकेत देणगीदारांची नावं असतात. 'शर्मा' आणि 'वर्तक' अशी मोडलेली छापून कशी चालतील? एकेक रफार डोळ्यांनी बघत बसावं लागतं.

नव्याने टाइप केलं तरी सुटका नाही. पत्रिकेतला पहिलाच शब्द 'शुभविवाह', आणि त्यातला श हिंदी वळणाचा आला. ल पण तसाच. गिऱ्हाइकाच्या आईने कच्चं प्रूफ हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "ताई, हे हिंदी का वाटतंय?" लिबरऑफिस या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली आणि नोटो फॉन्ट घेतला, तेव्हा आपले श आणि ल आले. ही सोय आत आहे, उत्तम आहे, पण आपणहून कोणी सांगत नाही.

मला राग येतो तो लिनक्सचा नाही. इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१चं, युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि लिनक्सही त्याच साली आलं. म्हणजे मराठी मराठी म्हणूनच साठवायची वाट तेव्हापासून होती. पण आम्ही ज्यात पानं लावायचो त्या पेजमेकरला देवनागरी युनिकोड कधी जमलं नाही. २००१च्या ७.० नंतर त्याची मोठी नवी आवृत्तीच आली नाही, तरी छापखाने त्याच्यावरच वर्षानुवर्षं चालले. आपल्या भाषेतला मजकूर एखाद्या कंपनीच्या डोंगलवाचून वाचता येऊ नये, हे मला आजही सहन होत नाही.

प्रेसवाल्यांचं वेगळंच. "बेन, पीडीएफ नहीं चाले, कोरलनी फाईल आपो." कोरलड्रॉ हा त्यांचा चित्रं-अक्षरं मांडायचा प्रोग्रॅम लिनक्सवर येत नाही. मी इंकस्केप या तशाच प्रोग्रॅममध्ये अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पीडीएफ पाठवते. रावपुऱ्यातल्या एका प्रेसने घेतली, दुसऱ्याने काम परत केलं. परत केलेलं काम लग्नसराईतलं होतं, त्याचा फटका बसला.

जुनं विंडोज दुसऱ्या डिस्कवर ठेवलंय, इंटरनेट न जोडता, फक्त जुन्या फायली उघडून बघायला. युनिकोडमध्ये बदलायला मंडळांच्या स्मरणिका आधी घेतल्या आहेत, पत्रिका नंतर. तुमच्याकडे अशा फायली असतील तर प्रत्येकीच्या नावात फॉन्टचं नाव आत्ताच लिहून ठेवा. दर फॉन्टाची कोडं वेगळी असतात, आणि फॉन्ट कोणता ते कळलं नाही तर कन्व्हर्टरलाही काही करता येत नाही.